विषय : खुराड्यातील ओल्या गादीबाबत

आई गेल्यानंतरची वाटणी पंधरा मिनिटांत उरकली. बहिणीने शिवणयंत्र नेलं आणि आवकरावांच्या वाट्याला आप्पा आणि पाच कोंबड्या आल्या. आप्पांनी येताना एक पिशवी आणि एक लोखंडी दातांचं, पालापाचोळा ओढायचं दाताळं आणलं होतं. कोंबड्यांनी काहीच आणलं नव्हतं. प्रवासात दोन्ही पक्षांची तब्येत उतरली होती.

आवकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेच्या तक्रार विभागात येणाऱ्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक टाकायचा, तो रजिस्टरात चढवायचा आणि मुदतीत निकाली काढायचा, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एकही तक्रार प्रलंबित राहिलेली नव्हती. तक्रारी सुटल्या असं नव्हे, निकाली निघाल्या. यातला फरक जनतेला कळत नाही म्हणून जनता दुःखी असते, असं आवकरावांचं मत होतं. कागद असला की त्यांना माणूस दिसे. कागद नसला तर समोरच्याच्या सदऱ्याला आग लागलेली असली तरी ते शांतपणे विचारत, "अर्ज आणलाय का?"

परसात भिंतीला टेकून खुराडं उभं राहिलं. जाळी झाली, दार झालं, कडी झाली. प्रश्न राहिला तो खाली काय अंथरायचं याचा. खुराड्याच्या जमिनीवर जो थर घालतात त्याला गादी म्हणतात. आवकराव स्वतः ज्या गादीवर झोपत तिच्यात गेल्या काही वर्षांत त्यांच्या आकाराचा खड्डा पडला होता आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण कोंबड्यांची गोष्ट वेगळी होती. आई दवाखान्यात शेवटचं जे बोलली ते "कोंबड्यांकडे बघ" एवढंच, आणि बोलताना तिने आवकरावांकडे पाहिलं होतं. म्हणजे कागद त्यांच्या टेबलावर आला होता. आप्पांबद्दल ती काही बोलली नाही. ते गृहीत असावं.

आई खाली काय घालायची हे कोणालाच सांगता येईना. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "काहीतरी असायचं बाई खाली. नीट बघितलं नाही कधी." आप्पांना विचारावं असं आवकरावांच्या मनात आलं होतं. पण ज्या माणसाची बायको महिन्यापूर्वी गेली आहे त्याला भुशाबद्दल काय विचारायचं, असा त्यांनी सभ्य विचार केला. या गोष्टीतलं पुढचं सगळं नुकसान या सभ्य विचारातून झालं.

कोपऱ्यावरचा सुतार म्हणाला, "भुसा न्या. माझ्या भुशाने आजवर कोणाला काही झालं नाही."

"आजवर कोणी कोंबड्यांखाली घातलाय का?"

"नाही."

युक्तिवादात खोट नव्हती. आवकरावांनी दोन पोती भुसा आणून पसरला. आप्पा हात पाठीमागे बांधून बघत होते. म्हणाले, "हे रोज सकाळी जरा…"

"आप्पा, तुम्ही बसा," आवकराव म्हणाले. "आयुष्यभर राबलात. आता या घरात तुम्ही काडी उचलायची नाही."

आवकरावांनी त्यांच्यासाठी परसात प्लास्टिकची खुर्ची टाकली. आप्पा बसले. दुसरं काहीच काम नसल्यामुळे बसण्याचं काम ते मन लावून करू लागले. सकाळी सातला खुर्चीत, संध्याकाळी सातला घरात. सरकारी माणसालाही लाजवेल अशी हजेरी.

भुसा पिठासारखा बारीक होता. कोंबडी शिंकते हे आवकरावांना माहीत नव्हतं. ती शिंकते, आणि शिंकून झालं की चूक आपली असल्यासारखी आपल्याकडे बघते. वरचा भुसा उडायचा, खालचा ओला होऊन लापशीसारखा जमायचा. नवव्या दिवशी पांढरी कोंबडी गेली. आवकराव कुदळ शोधून आणेपर्यंत आप्पांनी भिंतीशी हातानेच खड्डा केला होता. आवकरावांनी त्यांना साबणाने हात धुवायला लावले आणि पुन्हा खुर्चीत बसवलं.

त्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, "खाली ओल धरते. म्हणून ते…"

"जेवताना नको आप्पा," आवकराव म्हणाले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याच्या मनाला लागलंय, विषय बदललेला बरा. बदलायला दुसरा विषय नव्हता, म्हणून सगळे गप्प जेवले. आवकरावांची बायको दोघांकडे आळीपाळीने बघत होती. बघून तिने आणखी एक पोळी घेतली.

शेजारी चित्रकलेचे निवृत्त मास्तर राहत. त्यांना भिंतीवरून डोकावायची सवय होती, कारण भिंत त्यांच्या हनुवटीइतकीच उंच होती.

"भुसा?" मास्तर म्हणाले. "कोणी सांगितलं तुम्हाला? कोंबडीखाली पेंढा असतो. तीस वर्षं मी मुलांकडून काढून घेतलाय."

"चित्रात, मास्तर."

"चित्र कशावरून काढतात?"

आवकरावांनी पेंढा आणला. तीन दिवस खुराडं खरोखरच चित्रासारखं दिसत होतं. चित्राला वास नसतो, एवढाच काय तो फरक पुढे पडला. आठवड्याभरात पेंढा खालून काळा झाला, उचलला की आतून वाफ यायची. डोळ्यांत झोंबेल असा भपका परसातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून आवकरावांच्या ऑफिसच्या सदऱ्यात शिरला. कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं. त्या एका ओळीत काठीवर बसून राहत, पूर आलेल्या गावातली माणसं छपरावर बसतात तशा.

आप्पांनी खुर्चीतून विचारलं, "माझं दाताळं कुठं ठेवलंस?"

"माळ्यावर. गंजलंय ते, हाताला लागायचं. काय करायचंय तुम्हाला दाताळं?"

आप्पा सांगणार होते. पण आवकरावांनी घड्याळ बघितलं, आणि घड्याळात नऊ चाळीस झाले की आवकरावांचे कान बंद होत.

त्यानंतर चौथ्या दिवशी तक्रार क्रमांक चारशे बारा आली.

सवयीने आवकरावांनी आधी शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि मग वाचलं. कागद टंकलिखित होता. 'विषय : खुराड्यातील ओल्या गादीबाबत. सदर खुराड्यातील गादी सतत ओली राहते व दुर्गंधी येते. एक कोंबडी दगावली आहे. संबंधितास तोंडी तीन वेळा सांगितले. संबंधित ऐकून घेत नाहीत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली पत्ता आवकरावांच्या घराचा. तक्रारदाराने नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती, म्हणून नावाची चिठ्ठी बंद पाकिटात अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईंच्या कपाटात होती. संबंधिताला ती बघण्याचा अधिकार नसतो. आणि संबंधित म्हणजे आता आवकराव.

मसुदा चांगला आहे, हे त्यांच्या मनात आधी आलं. मग अपमान आला. इतकं शुद्ध लिहिणारा माणूस त्यांच्या गल्लीत एकच होता. पेंढा घालायला लावून वर पेंढ्याची तक्रार करणाऱ्या मास्तरांबद्दल त्यांना जे वाटलं ते कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर त्याने तो कागद फायलीखाली सरकवला असता. आवकरावांनी स्वतःच्या नावे नोटीस काढली. एकवीस दिवसांत गादी कोरडी न झाल्यास कोंडवाडा विभाग पक्षी उचलून नेईल. नोटीस राहत्या घरी हातोहात बजावायची असते, म्हणून चार फुटांवर बसलेल्या शिपायाला ती टेबलावर देता येईना. दोघं सायकलींवर घरी आले. आवकरावांनी आत जाऊन दार लावून घेतलं, शिपायाने ठोठावलं, आवकरावांनी उघडलं.

"आपणच का ते?" शिपायाने फॉर्मवरचं वाक्य वाचलं.

"मीच," आवकराव म्हणाले आणि सही केली.

बायको दारात उभी होती. "तुम्ही स्वतःला नोटीस दिलीत?"

"मी नाही. कार्यालयाने."

"मग कार्यालयाला म्हणावं, येताना दूध आणायचं होतं."

आप्पांनी खुर्चीतून विचारलं, "काय आलंय?" महिन्याभरात त्यांनी बाहेरच्या कशातही लक्ष घातल्याची ही पहिली वेळ होती.

"तक्रार आलीय आप्पा. खुराड्याबद्दल. कोणीतरी नीच माणूस आहे."

"असं," आप्पा म्हणाले. "मग आता काय होतं?"

"नियमाप्रमाणे कार्यवाही होते."

आप्पांनी मान हलवली. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. आवकरावांना ते वयाचं लक्षण वाटलं.

संध्याकाळी आवकरावांनी मास्तरांची शिडी परत केली. ती दोन वर्षांपूर्वी मागून आणलेली होती आणि एव्हाना घरातलीच झाली होती. ती त्यांनी भिंतीवरून पलीकडे सोडली. मास्तर म्हणाले, "अहो, राहू द्या की." या सौजन्यातही आवकरावांना डाव दिसला.

नोटिशीला खुलासा द्यावा लागतो. आवकरावांनी घरी बसून दोन पानी खुलासा लिहिला, सकाळी ऑफिसात जाऊन स्वीकारला, वाचला आणि त्यावर शेरा मारला : 'असमाधानकारक. मोघम.' मोघम होताच तो.

मग वाळू. ऑफिसातल्या एकाचा मेहुणा वाळूवर कोंबड्या पाळायचा आणि तो सुखी होता. हातगाडीवाल्याने वाळूचा ढीग फाटकाबाहेर ओतला आणि तो आत न्यायच्या आधीच बांधकाम विभागाचा माणूस वही घेऊन हजर झाला.

"रस्त्यावर बांधकाम साहित्य. परवानगी क्रमांक?"

"बांधकाम नाही. कोंबड्यांखाली घालायचीय."

"तळमजला की वरचा?"

आवकरावांनी शपथपत्र लिहून दिलं की सदर वाळूतून कोणतीही इमारत उभी राहणार नाही. ते वाक्य लिहिताना त्यांना आपल्या आयुष्याबद्दल काहीतरी लिहीत असल्यासारखं वाटलं.

वाळू वरून स्वच्छ दिसे, पण खालची जमीन ओलीच होती. ओली वाळू दगडासारखी बसली आणि थंड पडली. नोटिशीच्या बाराव्या दिवशी सर्वांत थोरली, जिला आई म्हातारी म्हणायची, ती कोपऱ्यात मान घालून बसली ती उठलीच नाही. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी बघितलं.

"वाळूमुळे गेली का?" आवकरावांनी विचारलं.

"कशाने का गेली असेना," डॉक्टर म्हणाले, "तिला आता सांगून उपयोग नाही."

या वेळीही खड्डा आप्पांनी केला. आवकराव शेजारी उभे होते. आईने सोपवलेल्या पाचांतल्या दोन संपल्या होत्या. बाकीच्या तीन कोंडवाड्याच्या गाडीत बसल्या की काम पूर्ण निकाली निघणार होतं. या शब्दाची त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली.

सोळाव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर चारशे बाराची फाइल होती.

"खुलासा कोणी दिला?"

"मी."

"असमाधानकारक कोणी ठरवला?"

"मी, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, निदान स्वतःच्या घरातल्या माणसाचं तरी समाधान करून घ्यायचं."

"तसं नियमात बसत नाही."

"मग नियमात बसेल तेवढं करा. तक्रारदाराकडून लिहून आणा की तक्रार उरली नाही. पाकीट उघडायची परवानगी देतो. पाच दिवस आहेत. सहाव्या दिवशी गाडी येईल, आणि ती मी थांबवणार नाही. थांबवली तर तुम्हीच माझ्यावर कागद काढाल."

आवकराव खिडकीवर गेले. मास्तरांसमोर सहीसाठी उभं राहायचं, या कल्पनेने त्यांची मान आधीच ताठ झाली होती. खिडकीवरच्या बाईंनी कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि ते देताना थबकल्या.

"मला वाटलं तुम्हाला माहितीये," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तुमचे वडील ना ते. काठी घेऊन आले होते. अर्ज बाहेरच्या टायपिस्टाकडून करून आणला होता. मी म्हटलं, आत आहेत, बोलावू का? तर म्हणाले, नको, कामात असतो तो. अर्ज कुठं द्यायचा तेवढं सांगा. रांगेत उभे राहिले तासभर. बाकावर बसा म्हटलं तर म्हणाले, बसून कंटाळलोय."

आवकरावांनी पाकीट उघडलं. आत आप्पांचं गोल, सावकाश अक्षर होतं. नाव, आणि पत्त्यापुढे 'अर्जात दिल्याप्रमाणेच'.

त्यांनी तक्रार पुन्हा वाचली. 'संबंधितास तोंडी तीन वेळा सांगितले.' त्यांनी मनात मोजलं. भुशाच्या दिवशी एकदा. जेवताना एकदा. दाताळ्याचं एकदा. आकडा बरोबर होता. एकोणीस वर्षांत त्यांच्याकडे आलेली ही बहुधा सर्वांत अचूक तक्रार होती.

ते घरी आले तेव्हा आप्पा खुर्चीत होते. आवकराव शेजारी उकिडवे बसले. त्यांनी फॉर्म पुढे केला.

"इथं सही लागते आप्पा. तक्रार उरली नाही म्हणून."

आप्पांनी चष्मा मागितला. फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मागे काही आहे का तेही बघितलं.

"उरलीय की," ते म्हणाले. "अजून काही झालेलंच नाही. सही कशी करू?"

"काय करायचं ते सांगा."

"आता विचारतोयस?"

"आता कागद आहे," आवकराव म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

आप्पांनी कोंबड्यांकडे बघितलं. "अरे, खाली काहीही घाल. तुझी आई कधी पाला घालायची, कधी भाताचं तूस, कधी मिळेल ते. कोंबडी काही माल बघत नाही. रोज सकाळी खालचं वर करायचं. ओलं झालेलं उचलून टाकायचं, बाकीच्याला वारा लागू द्यायचा. विस्तव सारखा करतात तसं. ते मी करायचो, दाताळ्याने. ती दाणे टाकायची आणि मी खालवर करायचो. अर्धा तास जायचा. बोलत बोलत व्हायचं. मग तू दाताळं माळ्यावर टाकलंस आणि मला खुर्ची दिलीस."

"मला वाटलं, तुम्हाला आराम."

"हां. तुझी आई पण आरामच करतेय."

आवकराव उठले. माळा उंच होता आणि शिडी मास्तरांकडे होती. ते भिंतीपाशी गेले. मास्तरांची हनुवटी तिथे होतीच.

"मास्तर, शिडी जरा."

"दिलीत कशाला परत? मी म्हटलं होतं, राहू द्या. वाळू लाभली नाही ना? मी सांगितलेला पेंढाच…"

"हो मास्तर. तुम्ही सांगितलं होतं," आवकराव म्हणाले. मास्तरांना इतक्या लवकर कोणी मान्य करण्याची सवय नव्हती. ते शिडी देऊन चिंतेत पडले.

दाताळ्याचा गंज आप्पांनी विटेवर घासून काढला. वाळू निघाली. सुताराकडून यावेळी रंध्याच्या जाड साली आणल्या, त्यात परसातला वाळलेला पाला मिसळला. रोज सकाळी सव्वासहाला आप्पा काठी जाळीला टेकवून आत शिरत आणि दाताळं ओढत. रोज संध्याकाळी आवकराव फॉर्म घेऊन येत. आप्पा गादीतली मूठभर उचलत, घट्ट दाबत आणि मूठ उघडत. गोळा तसाच राहिला की मान हलवत. "नाही अजून." आवकराव फॉर्म घडी करून खिशात ठेवत. सख्ख्या मुलाकडे बघून सही करावी असा विचार आप्पांना शिवला नाही. आवकराव कोणाचे चिरंजीव होते, ते अशा वेळी कळायचं.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मूठ उघडली आणि सगळं मोकळं होऊन खाली पडलं. खुराड्यात तीन कोंबड्या होत्या. काळी, तांबडी आणि लंगडी. तिघी काठीवरून उतरून जमिनीवर आल्या होत्या आणि पायाने पाला उकरत होत्या. अंडं कोणी घातलेलं नव्हतं. तेवढी घाई त्यांना नव्हती.

"पेन दे," आप्पा म्हणाले.

त्यांनी सही केली आणि तक्रारदाराच्या अभिप्रायाच्या रकान्यात सावकाश लिहायला घेतलं. रकाना संपला तसा मजकूर समासात वळला. फॉर्म परत आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं : 'गादी कोरडी आहे. पक्षी नेऊ नयेत. मात्र संबंधितास तोंडी सांगितलेले अजून ऐकू येते किंवा कसे, याची खात्री पटलेली नाही. तेवढ्यापुरती तक्रार चालू ठेवावी.'

"आप्पा, असं अर्धवट चालत नाही. एक तर निकाली, नाहीतर प्रलंबित."

"मग ठेव प्रलंबित."

साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला, कोंडवाड्याची गाडी रद्द केली आणि फाइल परत दिली. आवकरावांनी रजिस्टर उघडलं. चारशे बारासमोरच्या रकान्यात त्यांनी लाल शाईने 'प्रलंबित' लिहिलं. एकोणीस वर्षांचं निष्कलंक रजिस्टर होतं ते. त्या एका शब्दाने पान खराब झालं.

ते अजून तसंच आहे. सकाळी सव्वासहाला आवकराव परसात जातात. दाणे टाकण्याचं काम आता त्यांच्याकडे आलं आहे आणि ते त्यांना नीट जमत नाही, सगळे एकाच ठिकाणी पडतात. आप्पा दाताळं ओढता ओढता बोलत असतात. बहुतेक आईबद्दल, कधी ओलीबद्दल, कधी मधेच थांबतात आणि भिंतीजवळच्या दोन उंचवट्यांकडे बघत राहतात. आवकराव दाण्यांची वाटी धरून उभे असतात आणि ऐकतात. लिहून घ्यायची त्यांना परवानगी नाही.